परत ओतलेली पावडर

यंत्राने केलेले विधान पुरावा म्हणून स्वीकारू नये, हे मी छपाईच्या यंत्राकडून शिकलो. उभी हयात कचेरीत इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली होती. निवृत्तीनंतर स्वतःचे अर्ज स्वतः छापावेत म्हणून घरी एक लेझर प्रिंटर घेतला. काही महिन्यांतच टोनर संपल्याचे जाहीर करून त्याने काम बंद केले. टोनर म्हणजे शाई नव्हे, ती कोरडी काळी पावडर असते आणि कार्ट्रिज नावाच्या लांबट डब्यात भरलेली असते. मी तो डबा काढून हलवला. आत पावडर सरकल्याचे हाताला स्पष्ट जाणवले. यंत्र धडधडीत खोटे बोलत होते आणि त्या खोट्याच्या जोरावर मला नवा डबा घ्यायला लावत होते. मी उत्पादकाला तीन पानी पत्र लिहिले. दोन ओळींचे आभार आले. त्या आभारांचा राग अजून शमलेला नाही. परंतु हे लेखन त्याविषयी नाही. यंत्राचे खोटे मी पकडले आणि पुढे स्वतः सहीनिशी एक खोटे लिहिले, त्यात एका माणसाचे नाव गेले, त्याविषयी आहे.

ती अवर्षणाची वर्षे होती. हर्सूलच्या तलावाचा तळ भेगाळून उघडा पडला होता आणि त्याच्याही पलीकडे, कालपरवापर्यंत बाजरी उभी असायची त्या जमिनीवर आमची वसाहत नुकतीच उभी राहिली होती. शहर सर्व दिशांनी वाढत होते. घरे आली, फाटके आली, फाटकांवर संगमरवरी पाट्या आल्या, फक्त जलवाहिनी आली नव्हती. टँकर चार-पाच दिवसांनी येई. जलवाहिनी आमच्यापर्यंत आणावी यासाठी मी पत्रे लिहीत असे. प्रत्येक पत्रात कलमांचा हवाला, खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून पाच-सहा कार्यालये, आणि सोबत मागील सर्व पत्रव्यवहाराच्या प्रती जोडलेल्या. एवढ्या कागदाला टोनर पुरणार कसा?

औरंगपुऱ्यातील एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत, रिकामी कार्ट्रिजे भरून देणारा एक गृहस्थ बसे. वय पस्तिशीचे. वडील मेंढपाळ, दुष्काळात कळप विकावा लागला आणि हा शहरात येऊन हे काम शिकला. माझे कार्ट्रिज त्याने कानाशी धरले, हलवले आणि परत माझ्या हातात दिले.

"साहेब, हे रिकामं नाय. मशीन पानं मोजतं, पावडर नाय मोजत."

"म्हणजे खोटे विधान!"

"आता मशीनवर केस नका टाकू," तो हसून म्हणाला. "हे बघा, आडवं धरायचं, पाळणा हलवल्यागत. पाच-सहा डाव. उभं नाय करायचं. ह्या हिरव्या नळीला, ड्रमला, बोट लावायचं नाय, ऊन दाखवायचं नाय. अजून लई पानं निघतील."

निघाली. त्या दिवशी त्याने माझ्याकडून काहीही घेतले नाही. पुढे मी नियमाने जाऊ लागलो. त्याच्याकडून कळले की कच्चा मसुदा फिक्या छपाईत काढावा, पक्का तेवढा गडद. बारीक अंगाचे अक्षर निवडावे. आणि कार्ट्रिज प्रत्येक वेळी फेकण्याऐवजी दोनदा-तीनदा भरून घ्यावे, मात्र त्यानंतर त्याला निवृत्त करावे. एकदा मी विचारले, निवृत्त का?

"आमचा बाप म्हणायचा, लोकर वर्षातनं दोनदा काढ, कातडं एकदाच निघतं. पावडर म्हंजी लोकर. ड्रम म्हंजी कातडं. त्याला जपायचं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्यात जास्त टोनर वाचवायची युक्ती सांगू का, साहेब?"

"सांग."

"पत्रं लहान लिहा."

बाकावर बसलेले गिऱ्हाईक खो-खो हसले. मीही हसलो. त्याच बैठकीत त्याने कार्ट्रिजच्या मागचा कप्पा उघडून दाखवला. कागदाला न चिकटलेली पावडर पाते खरवडून त्या कप्प्यात टाकते. तिला तो 'वेस्ट' म्हणे. "लई लोकं ही गाळून पुन्हा भरत्यात. ह्यात कागदाची कूस अस्ती, बारीक कचरा अस्तो. ड्रमला चिरा पडत्यात. कुणी कायबी सांगू द्या, हे करू नका." मी म्हणालो, करणार नाही. हा शब्द मी त्याला दिला होता, हे येथे नमूद करतो.

आमच्या घरातही पाण्याची अशीच एक संहिता होती आणि ती माझ्या पत्नीने केलेली होती. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, भांडी विसळलेले कढीपत्त्याला, अंघोळीचे मोरीतल्या टोपात अडवून संडासाला. एकदा गावाकडून आलेल्या एका नातलगाने पेल्यात उरलेले उष्टे पाणी वाया जाऊ नये या सद्हेतूने माठात परत ओतले. टँकरला अजून तीन दिवस होते. पत्नीने अख्खा माठ भांड्यांच्या टोपात रिता केला. मी हरकत घेतली.

"अहो, वापरलेलं पाणी खाली उतरतं," ती म्हणाली. "दहा कामं करा त्याचं. पण वर चढवायचं नाही."

मला ते बायकी सोवळे वाटले. मी तिला पाण्याच्या शुद्धतेबद्दल काहीतरी ऐकवलेही.

त्यानंतर आमच्या जलवाहिनीच्या अर्जावर सुनावणी लागली. पत्र शनिवारी हाती पडले. सोमवारी सकाळी सर्व कागदांचे सहा संच हवे होते. रविवारी दुपारी तिसऱ्या संचाला अक्षरे विझू लागली. कार्ट्रिज काढले, पाळण्यासारखे हलवले. चार पाने उजळली, पुन्हा विझली. औरंगपुरा बंद. रिफिलवाला गावी गेलेला. मी पत्नीकडे पाहिले. ती ओसरीवर गहू निवडत होती. मी दार लोटून घेतले.

दोन स्क्रू होते. त्याला इतक्या वेळा पाहिले होते की हात आपोआप चालले. मागच्या कप्प्यातील काळपट राखाडी पावडर वर्तमानपत्रावर ओतली, स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणून तिच्यातून गाळली, कागदाचे नरसाळे करून पुढच्या कप्प्यात भरली. माझा युक्तिवाद असा होता की पावडर माझीच, डबा माझाच. शिवाय दुष्काळाच्या वर्षात काहीही टाकून देणे हाच गुन्हा. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर काळे सांडले. ते मी अंघोळीच्या उरलेल्या कोमट पाण्याने चोळले. टोनर गार पाण्याने धुवावा, उष्णतेने तो कापडात कायमचा बसतो, हेही त्याने मला कधीच सांगितले होते.

सहा संच पूर्ण झाले. सुनावणी तहकूब झाली. आठवड्याभरात मात्र प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ उमटू लागली आणि ती नेमकी माझ्या कलमांच्या क्रमांकांवरून जाऊ लागली.

मी कार्ट्रिज घेऊन औरंगपुऱ्यात गेलो. बाकावर दोघे होते. एक कुठल्याशा महाविद्यालयाचा कारकून, दुसरा झेरॉक्सवाला. रिफिलवाल्याने डबा उघडला, ड्रम दिव्यासमोर फिरवला, बोटाने पावडर चोळून पाहिली.

"साहेब, हे उघडलं का कुणी? ह्यात वेस्ट भरलंय. चिरा बघा ड्रमला."

त्याने विचारले होते. आरोप केला नव्हता. हा फरक मला इतर कोणापेक्षाही अधिक कळायला हवा होता. पण तेवढ्यात झेरॉक्सवाला म्हणाला, "साहेबांनी घरीच फॅक्टरी टाकली वाटतं!" आणि कारकून हसला. मघा सांगितलेले, पत्रे लहान लिहा म्हणतानाचे ते जुने हसूही मला एकाएकी टोचले.

"वेस्ट तुम्ही भरता," मी म्हणालो. "नव्या पावडरीच्या नावाखाली लोकांना जुनी पावडर भरून देता, आणि वर ग्राहकाला चोर ठरवता?"

त्याला मी आजवर 'तू' म्हणत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच 'तुम्ही' म्हणालो. त्याचा चेहरा उतरला तो त्या 'तुम्ही'ने, असे मला आता वाटते.

"साहेब, राहू द्या. ड्रम बदलून देतो. चहा घ्या."

मी चहा घेतला नाही, डबा उचलला. घरी येऊन नोटीस लिहिली. कलम चार मला पाठ आहे: 'सदर कार्ट्रिजमध्ये तक्रारदाराने कोणत्याही प्रकारचा हस्तक्षेप केलेला नाही.' हे वाक्य लिहिताना मी थांबलो होतो. मला माहीत नव्हते असे लिहून आज मोकळे होता आले असते, पण ते आणखी एक खोटे होईल. मला माहीत होते. मी शब्दाचा अर्थ लावला. स्वतःच्या डब्यातली पावडर स्वतःच्याच डब्यात ठेवणे हा हस्तक्षेप कसा? हस्तक्षेप दुसऱ्याच्या वस्तूत असतो. अशा रीतीने विवेकाला तहकुबी दिली आणि नोटीस मुद्दाम त्याच कार्ट्रिजवर छापली, प्रत्येक पानावर रेघ दिसावी म्हणून.

आणि खाली लिहिले: प्रत माहितीस्तव. तो कोणकोणाची कार्ट्रिजे भरतो, हे त्यानेच चहाच्या गप्पांत अभिमानाने सांगितले होते. महाविद्यालय, एक पतसंस्था, दोन वकिलांची कार्यालये. त्या सर्वांना एकेक प्रत गेली. पाणीपुरवठ्याच्या पत्रांवर सहा प्रतींनी काडीचाही परिणाम होत नसे. येथे मात्र झाला.

धुतलेले कपडे घडी करताना पत्नीने सदऱ्याची बाही माझ्यासमोर धरली.

"हा डाग कुठला?"

"प्रिंटरचा."

"मग त्या बापड्याला कशाला नोटीस?"

"तुला कायद्यातले कळत नाही."

"कायद्यातलं नाही कळत," ती म्हणाली. "गाळणीतलं कळतं."

चहासाठी तिने नवी गाळणी आणली. जुनी कुठे गेली, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पंधरवड्याने तो घरी आला. हातात नवा ड्रम घातलेले, भरलेले कार्ट्रिज. पत्नीने पाण्याचा तांब्या-पेला आणला. "काकू, अर्धाच भरा," तो म्हणाला, "उरंल ते वाया जायला नको." अर्धा पेला पिऊन त्याने तो उपडा ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"साहेब, कॉलेजातनं फोन आला व्हता. यादीतनं नाव काढतो म्हणाले. तुम्ही एक ओळ लिहून द्या. मिटलं म्हणून. बस्स, एकच ओळ."

एक ओळ. त्याला माहीत होते की मी एक ओळ लिहिणारा माणूस नाही. तरी त्याने मागितली. मी म्हणालो, आधी लेखी दिलगिरी. मीच ती संगणकावर उतरवली, त्यानेच आणलेल्या कार्ट्रिजवर छापली. पान स्वच्छ आले, काळेभोर, रेघ नाही. त्याने ते दोनदा वाचले.

"ह्यात लिहिलंय, मी वेस्ट भरलं म्हणून."

"होय."

"मी नाय भरलं, साहेब."

"मग वाद मिटलेला नाही."

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. तेथे पत्नी उभी होती. तिने मान खाली घातली. ती तेव्हा बोलली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मी पुढे अनेकदा स्वतःला विचारला. परंतु असा प्रश्न विचारणे म्हणजे स्वतःचा दोष साक्षीदाराच्या माथी मारणे होय. बोलायचे मी होते. त्याने सही केली. खाली कंसात नाव लिहिले, जपून, एकेक अक्षर.

मी शब्द पाळला. वाद मिटला असे पत्र सर्व कार्यालयांना पाठवले. आणि नेहमीच्या सवयीने सोबत जोडपत्र म्हणून त्या दिलगिरीची प्रत लावली. दस्तऐवजाशिवाय विधान करू नये, हा माझा चाळीस वर्षांचा नियम. ज्या कागदाने तो वाचणार होता, त्यालाच मी त्याचा कबुलीजबाब टाचला. महाविद्यालयाने नाव काढले. मग पतसंस्थेने. काही महिन्यांनी मी औरंगपुऱ्यातून जात होतो. जिन्याखाली मोबाईलची कव्हरे लटकत होती.

मी त्याचा शोध घेतला नाही. माझ्यापाशी सुनावण्या होत्या, स्मरणपत्रे होती. मधल्या काळात चांगले पाऊस झाले, शहराचे नाव बदलले, आणि एके दिवशी आमच्या गल्लीत खोदाई होऊन जलवाहिनी आली. ती माझ्या पत्रांमुळे आली की वसाहतीत मते वाढली म्हणून आली, हे मला आजतागायत कळलेले नाही. पत्नीने दुष्काळातले टोप, पिंपे, डबे बाहेर काढून आवराआवर केली. त्या दिवशी दुपारी मी टेबलाशी आलो तेव्हा दिलगिरीची फाईल कपाटातून काढून ठेवलेली होती आणि तिच्यावर चहाची एक जुनी गाळणी होती. जाळी काळी. पत्नी अंगणात नळाखाली हात धरून उभी होती.

त्याच आठवड्यात मी पत्र लिहिले. पूर्वीच्या कलम चारमधील विधान असत्य होते, ते मी पूर्ण जाणिवेने केले, दिलगिरी माझ्या दबावाखाली सही झाली, सबब ती रद्द समजावी. खाली तीच सर्व कार्यालये. पाठवण्यापूर्वी त्याला दाखवावे म्हणून मी निघालो. गुलमंडीवरच्या एका स्टेशनरीवाल्याकडून कळले की तो हर्सूलला, कारागृहाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात नोकरीला आहे. माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर. इतकी वर्षे.

दुकानासमोर कैद्यांच्या भेटीला आलेल्या नातेवाइकांची रांग होती. अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती. तो यंत्रामागे उभा होता, कानशिले पांढरी झालेली. त्याने मला ओळखले. "या, साहेब," म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवले.

मी पत्र दिले. त्याने प्रथम ते उजेडाकडे तिरपे धरले, छपाईवरून नजर फिरवली. "खरवडायचं ब्लेड झिजलंय. बदलून घ्या," म्हणाला. मग वाचले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"हे सगळ्यांना पाठवणार?"

"रजिस्टर पोस्टाने. तुझे नाव साफ व्हायला हवे."

"नका पाठवू."

"का? मी स्वतः लिहून देतोय की खोटा मी होतो."

"व्हय, पर नाव माझं हाय ना ह्यात." त्याने मालकाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "हितं कुणाला म्हाईत नाय. कॉलेजात तो कारकून बी आता नाय. तुम्ही पाठवलं की लोकं इचारतील, काय भानगड व्हती? अर्धी वाचतील, अर्धी नाय. एकदा लिहिलं ना साहेब माझं नाव कागदावर. पुरे झालं."

कायद्याने माझ्यापाशी याचे उत्तर होते. झालेली हानी भरून काढणे हे माझे कर्तव्य आणि ते त्याच्या संमतीवर अवलंबून नाही, असे मी तोंड उघडून म्हणणारही होतो. उघडले आणि मिटले. एकदा त्याने एकच ओळ मागितली होती आणि मी दोन कागद पाठवले होते. आता तो एकही नको म्हणत होता.

"तो माझा कागद हाय का अजून? सहीचा?" त्याने विचारले.

मी सोबत आणला होता. मूळ प्रत, जोडपत्र म्हणून. त्याने ती घेतली, वाचली नाही. खालचा नाव-सहीचा भाग पट्टीने धरून सरळ फाडला, त्याचे बारीक तुकडे करून खिशात घातले. उरलेला कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. यंत्राशेजारी पाठकोऱ्या कागदांची एक थप्पी होती, चाचणीची पाने काढायला ठेवलेली. त्याने तो कागद हाताने सरळ करून त्या थप्पीवर ठेवला.

"काकू बऱ्या हाइत ना?"

"बरी आहे."

"पाणी येतं आता?"

"येते."

रांगेतली एक बाई पुढे झाली होती, हातात घामाने मऊ पडलेला अर्ज. "बोला मावशी, किती प्रती?" तो म्हणाला. अर्ज काचेवर ठेवण्याआधी त्याने यंत्रातून एक चाचणीचे पान काढले, थप्पीतला सर्वांत वरचा कागद लावून. अक्षर ठीक आले. त्याने ते पान बाजूला टाकले आणि बाईचे काम सुरू केले.

माझे पत्र मी खिशात घालून परत आलो. ते पाठवलेले नाही. हे जे लिहिले आहे त्यात त्याचे नाव नाही, आणि खाली 'प्रत माहितीस्तव' असेही काही लिहिलेले नाही.